छत्तीस क्लिकची वाई

हार्ड डिस्कमध्ये चाळीस हजार फोटो आणि भिंतीवर लावायला एकही नाही! बाबांचा जुना फिल्म कॅमेरा घेऊन केलेल्या एका वीकेंडची ही गोष्ट...

आजी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, ''तुझ्याकडे आईचा एखादा चांगला फोटो असेल ना गं? फ्रेम करायला द्यायचाय.''

असेल ना काय, असणारच! घरातली ऑफिशियल फोटोग्राफर मीच. २००८मध्ये पहिल्या पगारातून घेतलेला चकचकीत डिजिटल कॅमेरा, मग हप्त्यांवर घेतलेला डीएसएलआर, मग दर दोन वर्षांनी बदललेला फोन. मी लॅपटॉप उघडला. चाळीस हजारांच्या वर फोटो. रात्री दोनपर्यंत स्क्रोल करत बसले.

आजी होती की त्यात! केक कापताना कोपऱ्यात, अर्धी. सेल्फीत माझ्या खांद्यामागे, डोळे मिटलेली. एकाच क्षणाचे सलग चौदा फोटो, आणि चौदाही हललेले. दिवाळीचा एक मस्त फोटो मला पक्का आठवत होता. पण तो ऑर्कुटवर टाकलेला. मूळ फाइल जुन्या पीसीबरोबर गेली आणि ऑर्कुट २०१४मध्ये बंद झालं. खेळ खल्लास.

सकाळी बाबांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पोस्टकार्ड साइजची एक प्रिंट होती. मेणवलीचा घाट, १९९१. आजी पायरीवर बसून ओला पदर पिळतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसतेय. त्या दिवसाचा तिचा तो एकच फोटो. तोच भिंतीवर लागला.

चाळीस हजार विरुद्ध एक. आणि एक जिंकला!

मेगापिक्सेलचा हँगओव्हर

खरं सांगायचं तर माझा उत्साह त्याआधीच ओसरायला लागला होता. आठवतंय ना, एक काळ असा होता की ‘किती मेगापिक्सेलचा आहे रे?’ हा प्रश्न पगार विचारावा तशा आवाजात विचारला जायचा. आठचे दहा झाले, दहाचे सोळा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता खरे फोटो येणार. ट्रिपला जायचं, सहाशे फोटो काढायचे, ‘नंतर सॉर्ट करू’ म्हणायचं. ते ‘नंतर’ काही येत नाही, बॉस! हार्ड डिस्क भरली की दुसरी घ्यायची. जुने अल्बम असायचे तिथे आता केबलींचा गुंता.

गंमत म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवातच मुळात थांबण्यापासून झाली होती. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने जो पहिला नमुना बनवला, त्यात एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागायचे आणि मेगापिक्सेल होते जेमतेम ०.०१! पुढे याच डिजिटलच्या लाटेत खुद्द कोडॅकला २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

फिल्म संपली, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. पण ती मेली नाही. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८मध्ये परत आणली. २०२४मध्ये तर पेंटॅक्सने चक्क नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तो घेणाऱ्यांत अशीही तरुण मंडळी होती, ज्यांनी आयुष्यात कधी रोल धुवायला टाकला नव्हता.

माझ्या डोक्यात मात्र ट्रेंड-बिंड काही नव्हतं. मला फक्त आजीचा तो फोटो कसा जमला, ते बघायचं होतं.

बोरा बाझारातली बुरशी

डब्याशेजारीच कॅमेरा होता. पेंटॅक्स के१०००. १९८८मध्ये आत्याच्या यजमानांनी मस्कतहून आणलेला. हे मॉडेल १९७६पासून १९९७पर्यंत बनत होतं आणि फोटोग्राफी शिकणाऱ्यांचा हा लाडका कॅमेरा. सगळं यांत्रिक. बटणाएवढा सेल लागतो तो फक्त उजेड मोजायच्या सुईला. सेल संपला तरी फोटो निघतोच.

आमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला मात्र वीस पावसाळ्यांची बुरशी धरली होती. म्हणून एका दुपारी लंच टाइममध्ये सीएसएमटीसमोरचा बोरा बाझार गाठला. फोर्टातल्या या चिंचोळ्या रस्त्यावर कॅमेऱ्यांची दुकानं वर्षानुवर्षं आहेत. एका जिन्याखालच्या टेबलावर काकांनी लेन्स दिव्यासमोर धरली, म्हणाले, ''झाडच उगवलंय की आत!'' आठ दिवसांनी कॅमेरा हातात ठेवताना त्यांनी शटर दाबून दाखवलं. खटॅक! फोनमधल्या खोट्या आवाजासारखं नाही, हाताला जाणवणारं.

रोल ११०० रुपयांचा. धुणं आणि स्कॅनिंग ७००. म्हणजे एका क्लिकचे ५० रुपये! मुंबईकराच्या हिशेबात सांगायचं तर दर फोटोला दोनेक वडापाव. हा आकडा दिवसभर डोक्यात राहतो बरं का.

ढोल्या गणपतीचे न आलेले फोटो

डिसेंबरातला शनिवार. पुण्याहून बाबांना गाडीत घेतलं. कात्रज, खंबाटकी, सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई. पुण्याहून साधारण ९५ किलोमीटर. आजीचं माहेर इथलंच, गणपती आळीतलं. ते घर आता आमचं नाही. त्यामुळे आळीत गाडी नुसती हळू केली आणि पुढे गेलो.

कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती. सरदार गणपतराव रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलेलं देऊळ. मूर्ती भव्य, म्हणून नावच ‘ढोल्या’! लहानपणी मी दर सुट्टीत इथे यायचे. डीएसएलआर घेऊन दोनदा आले होते. पण देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुराचं पाणी या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फुटावं आणि देऊळ सुरक्षित राहावं, म्हणून केलेली ही युक्ती. मी ५० रुपये लावावेत असा कोन शोधत देवळाला दोन चकरा मारल्या, तेव्हा कुठे ती नजरेत भरली.

बाबा बाजूला उभे राहून कॉमेंटरी करत होते. ''ऊन कडक आहे ना? मग एफ सोळा ठेव. दोनशेचा रोल आहे, शटर अडीचशे. सुई बघायचीसुद्धा गरज नाही.'' ''झाकण लाव गं लेन्सला, नाहीतर सेल उतरेल.'' या कॅमेऱ्याला बंद करायचं बटणच नाही, झाकण हेच बटण!

मी काढत गेले. पाण्यात सायकल धुणारा मुलगा. पायऱ्यांवर वाळत घातलेली लाल साडी. काशी विश्वेश्वराचा नंदी. फुलवाल्या मावशींचे पिवळे हात. एकेका फोटोला दोन-दोन मिनिटं. आकडा ३४... ३५... ३६... ३७... ३८. अरे वा, दोन फुकट! ३९. ४०.

''थांब,'' बाबा म्हणाले. त्यांनी रिवाइंडची मूठ बोटाने फिरवली. ती गरगर फिरली, अजिबात ताण नाही. ''रोल अडकलाच नाही गं. सकाळपासून फिल्म पुढे सरकलीच नाहीये.''

मी तिथेच पायरीवर बसले. सगळी सकाळ वाया. एकही फोटो नाही!

बाबा आधी गप्प राहिले, मग हसायला लागले. त्यांच्या लग्नाआधीच्या महाबळेश्वर सहलीचा अख्खा रोल असाच गेला होता म्हणे, आणि चार मित्रांनी महिनाभर अबोला धरला होता. त्यांनी सावलीत मागचं झाकण उघडलं, फिल्मचं टोक खाचेत नीट बसवलं, दोनदा पुढे ओढलं. हात थरथरत होते, तरी चुकले नाहीत. ''प्रत्येक वेळी चावी मारताना ही डावीकडची मूठ फिरताना दिसली पाहिजे. दिसली तरच फिल्म पुढे चाललीय.'' रोल कोराच होता, तो वाया गेला नव्हता. वाया गेली ती सकाळ.

पण आता सांगते, ती तरी गेली का? त्या न आलेल्या फोटोंतला प्रत्येक फोटो मला आज डोळे मिटून सांगता येतो. हार्ड डिस्कमधल्या चाळीस हजारांतले असे किती सांगता येतील?

मेणवली : एक घंटा, एक पायरी

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्यामागे कृष्णेवर अर्धचंद्राकार घाट. ‘स्वदेस’ आठवतोय? २००४च्या त्या सिनेमातलं गाव दिसतं ते इथलंच. त्यामुळे घाटावर रील्सवाल्यांची ये-जा असते. आम्ही गेलो तेव्हाही एक ग्रुप त्याच पायरीवरून आठव्यांदा उतरत होता.

मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलीय. नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, त्या स्वारीतून आलेल्या घंटांपैकी ही एक. चर्चची घंटा महादेवापाशी! इथे मी दोन फ्रेम खर्च केल्या.

नाना १८००मध्ये गेले. पण त्यांचे कागद राहिले. ‘मेणवली दफ्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते आजही उपयोगी पडतात. दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचता येतात, आणि मला माझी २००९ची दिवाळी सापडत नाही. वाड्याच्या भिंतीला टेकून मी बराच वेळ हेच घोळवत होते.

चार वाजता ऊन कललं. बाबांनी ती पायरी शोधून काढली. उगमाकडच्या बाजूची, एक कोपरा तुटलेली.

''बाबा, आजी एवढी हसत का होती?''

''माझ्यावर!'' बाबा म्हणाले. ''रोलमध्ये शेवटची एकच फ्रेम उरली होती. मी फोकस लावतोय, उजेड बघतोय, परत फोकस लावतोय. आई म्हणाली, एवढ्या वेळात माझ्या वीस पोळ्या लाटून झाल्या असत्या. आणि स्वतःच हसायला लागली. तेव्हा दाबलं बटण.''

म्हणजे मी इतके दिवस जे ‘सिक्रेट’ शोधत होते, ते एवढंच होतं. कॅमेरा हळू होता. त्या हळूपणात आजीला हसायला वेळ मिळाला, आणि बाबांना ते बघायला.

मी बाबांना तिथेच बसवलं. माझ्याकडे तीन फ्रेम उरल्या होत्या. ते नदीकडे बघत बसले. मी फोकस लावत राहिले. पाचेक मिनिटांनी ते वळून म्हणाले, ''झालं का गं? चहा राहिलाय!''

खटॅक.

दोष कुणाचा?

रोल धुवायला टाकला. रंगीत फिल्म साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या रसायनात धुतली जाते, हे मला तिथल्या काउंटरवर कळलं. नऊ दिवस वाट बघितली. छत्तीसपैकी अकरा चांगले आले. पाच अंधारे, चार हललेले, एकात माझं बोट. बाकीचे ठीकठाक. बाबांचा फोटो किंचित आउट ऑफ फोकस आहे. पण त्यात ते मला चहासाठी ओरडतायत, अगदी तसेच आहेत.

आता ‘डिजिटल वाईट, फिल्म थोर’ असं काही मी म्हणणार नाही. माझ्या फिल्मचे स्कॅनही शेवटी फाइल म्हणूनच आले. फिल्म महाग आहे, रसायनं लागतात, आणि चूक झाली तर ती नऊ दिवसांनी कळते. फोन माझ्या खिशात आजही आहे. बिलं, मीटिंगमधला व्हाइटबोर्ड, भाचीची उडी, सगळं त्यातच. दोष डिजिटलचा नव्हताच. क्लिक फुकट झालं, म्हणून मी बघणं सोडून दिलं होतं. दोष होता तो तिथे.

आता महिन्याला एक रोल. आणि फोनमधले फोटो? दर महिनाअखेर त्यातले पाच निवडून प्रिंट काढते, मागे पेन्सिलने तारीख आणि जागा लिहिते. बाबांच्या त्या फोटोच्या दोन प्रिंट काढल्या. एक त्यांच्या टेबलावर आहे. दुसरी निगेटिव्हसकट पत्र्याच्या डब्यात, आजीच्या शेजारी.

जायचंय? मग हे वाचा...

- पुण्याहून वाई दोन-अडीच तास. एसटी भरपूर. मेणवलीला वाईहून रिक्षा मिळते.
- घाटावर उजेड सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर झक्कास. वाडा खासगी मालकीचा आहे, आत जाण्याआधी विचारा.
- कॅमेरा विकत घेण्याआधी घरातल्या माळ्यावर शोधा. मामा, काका, आत्या, सगळ्यांना विचारा!
- लेन्स दिव्यासमोर धरून बुरशी तपासा. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.
- विमानाने जाताना रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्म खराब होऊ शकते.
- आणि हो, डावीकडची मूठ फिरतेय ना, ते बघा!