‘मी उद्या पडलो होतो’

“डॉक्टरसाहेब, चार वर्षांचा झाला, पण याले काल अन् उद्या समजत नाही. डोक्यात काही कमी तं नाही ना?” हा प्रश्न ओपीडीत अधूनमधून येतोच, सोबत आजी असली तर हमखास. पोरगं मात्र गुडघ्याची खपली दाखवत मजेत सांगतं, “मी उद्या पडलो होतो.”

त्याचं चुकणं नीट ऐका. ‘काल’च्या जागी ते ‘हिरवा’ म्हणत नाही, ‘उद्या’च म्हणतं. म्हणजे हा दिवसाचा शब्द आहे आणि तो दिवस आजचा नव्हे, एवढं ते शिकलं आहे. फक्त बाजू ठरायची राहिली आहे. गरम-थंड, वर-खाली यांचंही तसंच. विरुद्ध शब्द एका बाबतीत वेगळे आणि बाकी सगळ्या बाबतीत सारखे असतात, वाक्यातली जागासुद्धा तीच. शिवाय आपण मोठे तरी काय करतो? ‘परवा’ हा एकच शब्द मागच्याही दिवसाला वापरतो अन् पुढच्याही. अमरावती-अकोल्यात पोराच्या कानावर हिंदीही पडते, आणि तिथे ‘कल’ दोन्हीकडचा! वेळेचे शब्द पाच-सहा वर्षांपर्यंत गोंधळले तर मी काळजी करत नाही.

‘कमी-जास्त’ची गंमत जुनी आहे. 1968 साली मार्गारेट डोनाल्डसन आणि बाल्फर यांनी लहान मुलांना सफरचंदांची दोन खोटी झाडं दाखवली आणि कमी सफरचंदं कोणत्या झाडावर, असं विचारलं. बहुतेकांनी जास्तवालं झाड दाखवलं. पुढे काहींनी म्हटलं, मुलांना ‘कमी’चा अर्थ ‘जास्त’ वाटतो असं नाही. शब्द कळला नाही की ती भरलेल्या झाडाकडेच बोट करतात. मला हे जास्त पटतं.

दवाखान्यात मात्र ही गंमत राहत नाही. “पोट दुखणं कमी झालं का रे?” “हो.” या ‘हो’वर मी भरवसा ठेवत नाही. पोटावर हात ठेवतो, एका पायावर उडी मारायला लावतो, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवायला सांगतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना हगवण लागलेलं मूल “सू काल केली” म्हणालं, तर ती कधीची? ‘आधी-नंतर’ही त्याच गोंधळातले शब्द, म्हणून एकेक प्रसंग विचारा: “सकाळी दूध प्यायला, मग सू केली का?” आईलाही विचारा. सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर घरी थांबू नका.

घरी पोर चुकलं तर हसू नका, “उलट शब्द सांग” अशी परीक्षाही नको. “हो, काल पडला होतास ना,” एवढं म्हणून पुढे चला.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, ती तपासणी मोफत असते. “याचा बापही उशिराच बोलला” म्हणून वर्ष घालवू नका.