सम्राटाची खुर्ची आणि चाकांवरचे घर

वयस्कर माणसे प्रवास का सोडतात याचे खरे कारण ती सहसा सांगत नाहीत. गुडघे दुखतात, दगदग सोसत नाही, आता काय पाहायचे राहिले आहे, अशी उत्तरे मिळतात. इतक्या वर्षांच्या दवाखान्यानंतर मला वाटते, यांतील पुष्कळ उत्तरांच्या मागे एकच भीती दडलेली असते : वाटेत लघवीला लागली तर? मग निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी गुपचूप टाळायची. आणि असे दोन प्रवास निभावले की तिसऱ्याला नकार द्यायचा. माझ्या ७८ वर्षांच्या आईने याच कारणाने आधी पंढरपूर सोडले, मग भाचीचे लग्न.

आमची मुलगी माद्रिदला शिकते. नातीचे बिऱ्हाड पाहायची आईची इच्छा होती. पण तिथून पुढे कुठे जायचे नाव काढले की ती गप्प होई. अखेर आम्ही आठ दिवसांसाठी शौचालय, ओटा, फ्रीज आणि बिछाना असलेली गाडी भाड्याने घेतली आणि एस्त्रेमादुराकडे निघालो.

हा प्रांत स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालला लागून आहे. आपल्याकडच्या सहली तिकडे फारशा वळत नाहीत. कासेरेस आणि बादाखोस हे त्याचे दोन जिल्हे. वस्ती विरळ; मैलोन्‌मैल ओकची विखुरलेली झाडे, त्यांखाली गवत आणि चरणारी गुरे, डुकरे. या राखलेल्या वनकुरणाला तिकडे ‘देएसा’ म्हणतात. जुलै-ऑगस्टात पारा ४० अंशांच्या वर जातो; ज्येष्ठांना घेऊन त्या काळात तिकडे जाऊच नये. आम्ही एप्रिलच्या आरंभी गेलो. हेर्तेच्या खोऱ्यात चेरीचा पांढरा बहर शेवटच्या टप्प्यात होता.

तिथून जवळच, ला वेरा भागात, युस्तेचा मठ आहे. पाचवा चार्ल्स, म्हणजे अर्ध्या युरोपाचा आणि अमेरिकेतील वसाहतींचा धनी, राज्यत्याग करून १५५७ साली इथे राहायला आला. वय अवघे ५६. पण गाऊटने, आयुर्वेदातल्या वातरक्ताने, त्याला पार जखडले होते. डोंगर ओलांडताना माणसांनी त्याला उचलून आणले. मांस आणि बिअर त्याला सुटत नव्हती. या एकांतवासातही त्याने बिअर गाळणारा सोबत आणला होता. अशा रुग्णांना मी रोज भेटतो, फक्त त्यांच्यापाशी साम्राज्य नसते. त्याच्या बोटाचे जतन केलेले एक पेर स्पॅनिश डॉक्टरांनी तपासले आणि त्यात युरिक आम्लाचे स्फटिक सापडल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले. साडेचारशे वर्षांनी निदान पक्के झाले!

पण मला आजारापेक्षा त्याच्या घराची रचना अधिक पाहण्यासारखी वाटली. वरच्या मजल्यावर घोड्यावरूनच जाता यावे म्हणून उतरता चढ बांधलेला आहे. निजायची खोली चर्चला अशी जोडलेली, की पलंगावरूनच वेदी दिसावी. दुखरा पाय लांब करून ठेवता येईल अशी खुर्चीही तिथे मांडलेली आहे. आई त्या खुर्चीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “याच्या घरच्यांनी विचार केला होता हो.” आपल्या घरात आजोबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत किती उंबरे आहेत, हे एकदा मोजून पाहा. सम्राट १५५८ च्या सप्टेंबरात वारला. गाऊटने नव्हे, बहुधा मलेरियाने.

ला वेराच्या लाल मिरचीला ओकच्या लाकडाचा धूर देऊन वाळवतात. तिची पूड आईने आपल्या पिठल्यात घातली. ते पिठले गाडीतल्या ओट्यावर झाले आणि मधुमेहाच्या वेळा पाळूनच झाले. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर. इन्शुलिन घेणाऱ्याला हे वेळापत्रक धोक्याचे. स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असण्याचा खरा लाभ हाच. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, गोठू देऊ नये. म्हणून फ्रीजमध्ये एक साधा तापमापक ठेवला होता.

मोनफ्राग्वेच्या अभयारण्यात एक डोंगरकडा ताहो नदीवर उभा आहे आणि समोर रस्त्याच्या कडेलाच पाहण्याची जागा आहे. चालावे लागत नाही. कड्यावर आणि आकाशात गिधाडेच गिधाडे! आईने ती लहानपणी गावच्या ढोरफोडीपाशी पाहिली होती. आपल्याकडची गिधाडे मुख्यतः डायक्लोफिनॅकमुळे गेली. हे औषध दिलेली जनावरे मेल्यावर खाल्ल्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठीचे त्याचे उत्पादन भारतात २००६ साली थांबवले गेले. तीच गोळी तुमच्यापैकी अनेकजण गुडघ्यांसाठी दुकानातून सहज आणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी, वर डायक्लोफिनॅक आणि प्रवासात पाणी कमी, ही जुळणी माणसाच्या मूत्रपिंडालाही भोवते. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येते, पण आपल्या डॉक्टरांना विचारून. ती परस्पर बंद करू नये.

आता गाडीविषयी. लहान व्हॅनमध्ये बहुधा शौचालय नसते, म्हणून मोठी घ्यावी; पण ३,५०० किलोच्या आतली, म्हणजे साध्या परवान्यावर चालते. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढावा. ताबा घेताना ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः चढउतार करून पाहू द्या. पायरी फार उंच असते. आम्ही प्लास्टिकचे जाड चौरंग विकत घेतले. बिछाना चालकाच्या डोक्यावरचा नको, खालचा आणि कायमचा हवा. गाडी सपाट जागीच उभी करा, नाही तर रात्री उठणारा माणूस तोल जाऊन पडतो. जिथे वाहन उभे करण्यास परवानगी आहे तिथे आत झोपता येते. मात्र बाहेर खुर्च्या, छत मांडले की तो तळ ठोकणे ठरतो. शौचालयाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. हे काम कुणी करायचे, यावर आमच्याकडे वाद झाला नाही; डॉक्टर घरात एकच होता.

औषधांची चिठ्ठी मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्या. आपली व्यापारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. हिरव्या क्रॉसची खूण म्हणजे औषधाचे दुकान. तातडीसाठी क्रमांक ११२.

शेवटचा मुक्काम मेरिदाला होता. ऑगस्टस बादशहाच्या निवृत्त सैनिकांसाठी इसवी सनपूर्व २५ मध्ये वसवलेले हे शहर. तिथल्या रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या आईने दुरूनच पाहिल्या. पण ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल सपाट आहे, पाऊण किलोमीटरहून थोडा लांब आणि आता केवळ पादचाऱ्यांसाठी. ती काठी टेकत, दोनदा थांबत, पलीकडच्या टोकापर्यंत गेली. पाण्याची बाटली तिच्या हातात होती आणि ती त्यातून पाणी पीत होती.