हौसेचे मोल

'हौसेला मोल नसते' असे आपल्याकडे म्हणतात. हौस करणाऱ्याने खर्चाचा हिशेब करू नये, एवढाच त्याचा रूढ अर्थ. गेल्या दहापंधरा वर्षांत मात्र एका विशिष्ट हौसेला मोल आले आहे आणि ते वर्षागणिक वाढते आहे. जुन्या वेगवान गाड्या, ज्या एकेकाळी भंगाराच्या वजनावर जात, त्यांना आता नव्या गाडीपेक्षा अधिक किंमत मिळू लागली आहे. मोठ्या शहरांत ही गोष्ट मोटारींच्या बाबतीत घडते. आमच्या कोल्हारसारख्या गावात ती यामाहा आरएक्स १०० या दुचाकीच्या बाबतीत घडते आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का पाहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की एखादी वस्तू 'जुनी' असण्यापासून 'अभिजात' होण्यापर्यंतचा प्रवास कसा करते आणि या प्रवासाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न आपल्याही विषयाचाच आहे.

थोडी माहिती आधी देतो. एस्कॉर्ट्स आणि जपानची यामाहा यांच्या सहकार्यातून ही गाडी १९८५ च्या अखेरीस भारतात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्याच १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी पेट्रोल वाचवण्यासाठी प्रसिद्ध होती. आरएक्सची ख्याती नेमकी उलटी. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. भाग कमी, वजन कमी, उसळी जास्त. पण या रचनेत पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, धूर होतो आणि न जळलेले इंधनही बाहेर पडते. १९९६ पासून लागू झालेल्या कडक उत्सर्जन-मानकांसमोर ही गाडी टिकणे शक्य नव्हते. ज्या दोषामुळे ती बंद पडली, तो दोष खरा होता, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे.

कोल्हार हे प्रवरेच्या काठावरचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. शेजारी लोणी. तेथील सहकारी साखर कारखान्याचे पहिले गळीत १९५० साली झाले आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयत्नाने या पट्ट्याचे अर्थकारण बदलले. उसाच्या पैशाबरोबर वाहने आली. नवी कोरी आरएक्स घेणारे मात्र थोडेच होते: मोठे बागायतदार, ठेकेदार, नोकरीतली काही मुले. इतरांच्या दारात ती यायला दहाबारा वर्षे लागली आणि ती आली तेव्हा तिसऱ्या किंवा चौथ्या हाताची होती. यात कोणाला कमीपणा वाटत नसे. जुना बाजार ही आमच्याकडे वेगाच्या सुखापर्यंत पोचण्याची पायरी होती. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके विकत घेऊन शिकलेल्या माझ्यासारख्या अनेकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पहिल्या मालकाने पानांवर ओढलेल्या रेघांसकट ते पुस्तक आपले होते, तशीच खरचटलेल्या टाकीसकट गाडी आपली होई.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी १९९९ मध्ये अशी एक गाडी ११,००० रुपयांना घेतली. एमएच १७ क्रमांकाची, म्हणजे श्रीरामपूर पासिंगची. त्यांच्या आधी तिचे तीन मालक झाले होते. गावातल्या फिटरने बोअर मारून, नवा पिस्टन आणि रिंगा घालून ती उभी केली. मागे लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून बसवले गेले, कारण सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या डेअरीवर न्यायच्या होत्या. त्या गाडीवरून दूध गेले, खताची पोती गेली, मी परीक्षांना गेलो, वहिनी माहेरी गेल्या आणि एका रात्री वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा त्यांना मध्ये बसवून आम्ही दोघे भाऊ लोणीच्या दवाखान्यात गेलो. वेगवान गाडीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना मी त्या रात्रीची आठवण सांगतो. पण एरवी दादा सकाळी रिकाम्या किटल्या घेऊन परत येताना प्रवरेच्या पुलावर जो वेग घेत, त्याला उपयोग नव्हता. ती हौस होती. आणि ती हौस ११,००० रुपयांत बसत होती.

आता तशाच गाडीला लाखाच्या पुढे किंमत सांगितली जाते. यामागचे कारण फार गूढ नाही. आरएक्स रस्त्यावर होती त्या काळात जे पंधरा-वीस वर्षांचे होते, ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. तेव्हा इच्छा होती, पैसा नव्हता. आता पैसा आहे. ते यंत्राची किंमत मोजत नाहीत, राहून गेलेल्या एका इच्छेची मोजतात. जगभर असेच घडते. मर्सिडीजने १९५५ मध्ये अवघ्या दोन बनवलेल्या ३०० एसएलआर कूपेंपैकी एक मे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, हे झाले टोकाचे उदाहरण. पण निसान स्कायलाइन जीटी-आर ही जपानी मोटार पाहा. अमेरिकेत २५ वर्षे जुनी झालेली परदेशी मोटार तेथील नियमांतून सूट मिळून आयात करता येते. १९८९ मध्ये निघालेली स्कायलाइन २०१४ मध्ये त्या मर्यादेत बसली आणि जपानमध्ये साध्या जुन्या गाडीच्या भावात मिळणाऱ्या मोटारीला अमेरिकेतले गिऱ्हाईक मिळाले. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस मोटारींचाही आज शौकीन लोक शोध घेत असतात. कायदा, टंचाई आणि एका पिढीचे वय या तीन गोष्टी जुळल्या की भाव चढतो.

साहित्यातील अभिजातताही काहीशी अशीच ठरते, असे मला वाटते. एके काळी ज्यांच्या हाती ग्रंथालये, अभ्यासमंडळे आणि नियतकालिके येतात, त्यांनी विशीत जे वाचलेले असते, ते अभ्यासक्रमात जाते. त्यात गुणवत्ता नसते असे मुळीच नाही. आरएक्सही गुणी गाडीच होती. परंतु गुणवान असूनही विस्मरणात गेलेल्या पुस्तकांची आणि गाड्यांची संख्या पाहिली, तर नुसता गुण पुरेसा नसतो हे दिसते. इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. तक्रार यापुढे आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ दादांची गाडी पाहायला आले. बोलणे आदबीचे होते.

"काका, इंजिन नंबर जुळतोय, चासी नंबर जुळतोय. पण सायलेन्सर ओरिजिनल नाही," ते म्हणाले.

"मूळचा सडला, म्हणून बदलला," दादा म्हणाले.

"आणि हे कॅरिअर कापावं लागेल. वेल्डिंगचे डाग घालवायला रंगकाम आलं. त्याचे पंधरा हजार मला कमी धरावे लागतील."

दादा काही वेळ कॅरिअरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, या कॅरिअरवर घर चाललंय आमचं. तुम्ही त्याचेच पैसे कापताय."

त्या गृहस्थांचे काही चुकत नव्हते. संग्राहकाला मूळ संहिता हवी असते. मधल्या हातांनी घातलेली भर त्याच्या लेखी क्षेपक. आमच्या याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. एका दुचाकीच्या संदर्भात हे नाव घेणे धाडसाचे आहे, याची जाणीव ठेवून सांगतो की मधल्या काळात पाठ बिघडले, कारण ग्रंथ वापरात होता. तो लोकांच्या हातात होता, ते लिहून घेत होते, चुकत होते, भर घालत होते. एकनाथांनी पाठ शुद्ध केला तो ग्रंथ पुन्हा लोकांनी वाचावा म्हणून. संग्राहक गाडी शुद्ध करतो ती पुन्हा किटल्या वाहण्यासाठी नव्हे. शुद्धीकरणाचे हे दोन हेतू आपण एकमेकांत मिसळू नयेत.

कायद्याचीही भाषा अशीच आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर. २० वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झाले. दुसरीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेले, ५० वर्षांवरील वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र ते प्रदर्शनात, रॅलीत, फार तर पेट्रोल भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणायचे. रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे पंधराव्या वर्षापासून गाडी संशयित आणि पन्नासाव्या वर्षी सन्माननीय, पण त्या सन्मानाची अट अशी की तिने काम करू नये. पहिल्या आरएक्सला हा मान २०३५ मध्ये मिळू शकेल. हवेचा विचार करता नियम असावेत, याबद्दल माझे दुमत नाही. कॅरिअर असलेल्या गाडीला त्यांत जागा नाही, एवढेच मी नोंदवतो.

आणखी एक विरोधाभास आमच्या भागापुरता आहे. ज्या उसाच्या पैशाने या गाड्या गावात आणल्या, त्याच उसापासून आता इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या रबरी नळ्या आणि पत्र्याची टाकी यांना ते मानवत नाही. आमचे फिटर कार्बोरेटर उघडून आतला गंज दाखवतात आणि हसून म्हणतात, "मास्तर, उसानंच आणली, आता ऊसच नेणार." या फिटरांना नुसत्या आवाजावरून गाडीचा दोष कळतो. पण भाव वाढल्यापासून त्यांच्याकडचे काम वाढण्याऐवजी कमी झाले, कारण महाग झालेली गाडी दुरुस्तीला पुण्या-मुंबईकडे जाते. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात बसतो. ज्या माणसांनी तीस वर्षे या गाड्या जिवंत ठेवल्या, त्यांच्या श्रमाचा अंश त्या लाखाच्या किमतीत आहे. त्यांच्या वाट्याला मात्र त्यातले काही येत नाही.

दादांनी गाडी विकली नाही. पण किंमत कळल्यापासून ती पूर्वीसारखी राहिलीही नाही. आधी ती स्टँडवर, बाजारात, देवळासमोर कुठेही उभी असे. आता पडवीत साखळी लावून असते. परिसरात अशा दोन गाड्या चोरीला गेल्याचे ऐकल्यापासून दादा तिला आठवडे बाजारालाही नेत नाहीत. दूध घालायला त्यांनी हप्त्याने एक स्कूटर घेतली आहे. मी एकदा म्हणालो, "दादा, एवढी जपायची तर विकून टाका, आणि विकायची नसेल तर चालवा तरी." ते म्हणाले, "अरे, अकरा हजाराची होती तोवर ती माझी होती. आता लाखाची झाली, तर मीच तिचा राखणदार झालोय."

गेल्या वर्षी माझा पुतण्या अठरा वर्षांचा झाला. वडिलांची आरएक्स त्याला मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि बाहेर तशी घेणे त्याच्या आवाक्यात नाही. नव्या वेगवान गाडीची किंमत दीड-दोन लाख. तिचा हप्ता त्याच्या पगाराच्या निम्मा. दादा त्याच्या वयाचे होते तेव्हाही त्यांना नवी परवडत नव्हती, पण मध्ये तिसऱ्या हाताची एक पायरी होती. ती पायरी आता शोकेसमध्ये ठेवली गेली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयात आम्ही पेढे वाटले. आनंद खराच होता. पण त्या दिवसापासून मी वर्गात विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. मान मिळालेली वस्तू पडवीत साखळीने बांधण्याचा मोह फार स्वाभाविक असतो. भाषा असो वा यंत्र, तिच्यावर पुढच्या माणसाला स्वतःचे कॅरिअर बसवता येते का, हे पाहत राहिले पाहिजे. ते बसवता येईनासे झाले, की मग भाव कितीही चढो, ती वस्तू जुनीच होत चालली आहे असे समजावे.