जांभळ्या सावल्यांची वाट

आमच्याकडे जुन्या कॅलेंडरची पानं वह्यांना कव्हरं घालण्यात संपत. एक पान मी लपवून ठेवलं. जिव्हर्नीच्या बागेतली वाट, क्लोद मोने, १९०२. दोन्ही बाजूंना फुलांची दाटी, वर झाडं, टोकाला घर. तेव्हा मला ते घरच दिसे. तिथे कोण राहत असेल, जेवायला काय करत असतील, वगैरे.

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वर्षी नजर वाटेवर उतरली. आम्हाला सावलीत काळा मिसळायला शिकवत, आणि इथे तर सरळ जांभळा न् गुलाबी! इम्प्रेशनिस्टांनी काळ्याला जवळजवळ हद्दपार केलं होतं. सावलीत आकाशाचा निळा उतरतो, हे त्यांनी उघड्यावर बसून पाहिलं होतं. भर दुपारी अंगणात जाऊन मी खात्री केली. कण्हेरीची सावली खरंच निळसर होती. मार्क काळ्याला मिळणार होते, म्हणून परीक्षेत काळाच लावला.

पुढे वाचनात आलं, की या वाटेवरून मोनेच्या घरात खटके उडाले होते. कडेची स्प्रूसची झाडं त्याला काढायची होती, त्याच्या बायकोला, आलिसबाईंना, ठेवायची होती. अखेर दारापाशी यूची दोन झाडं राहिली. वाटेवर लोखंडी कमानी आल्या, त्यांवर गुलाब चढले.

गुलाबाच्या कमानींखालची हीच वाट त्याने १९२०नंतर पुन्हा रंगवली, तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातल्या त्या चित्रांत घर सापडत नाही. लाल, तपकिरी, गढूळ पिवळ्याचा नुसता गुंता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या आईच्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा ती म्हणाली होती, “पडदे निळे आहेत होय?” पिकलेलं भिंग निळा अडवतं. त्यामुळे सगळं खापर मोनेच्या डोळ्यांवर फोडणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. रंग दिसत नसतील, पण वाट तर म्हाताऱ्याला पाठ होती. घराकडे नेणारी ती सरळ रेघ त्याला काढता आली असती. त्याला ती नकोशी झाली असावी.

मुलगी जिव्हर्नीला जाऊन आली. त्या मधल्या वाटेवर लोकांना सोडत नाहीत, कडेकडेने फिरावं लागतं, म्हणून जरा नाराज होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उन्हाळा सरताना नस्टर्शियमचे वेल दोन्हीकडून सरकत येऊन ती वाट जवळपास बुजवूनच टाकतात. मोनेच्या वेळीही टाकत. त्याच्याकडे काही माळी कमी नव्हते.