पळसपापडी आणि मूठभर लीद

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. लोहा तालुक्यातल्या त्या माळावर घोडं घेणारा माणूस दात बघतो, पाय बघतो, चाल बघतो. पोटाकडे फारसं कुणी बघत नाही. मी घेतलेल्या शिंगराची चाल देखणी होती, पण पोट घागरीसारखं होतं आणि बरगड्या वर आलेल्या. अहमदपूरकडे घरी आणलं तर ते खोकायचं, आणि रोज खरारा करूनही केस राठच.

"पोटात जंत हैत त्याच्या," चुलते म्हणाले. "पळसपापडी द्यावी लागते."

पळसाच्या शेंगेत टोकाला एकच चपटी, तांबूस बी असते. उन्हाळ्यात वेचून ठेवलेल्या त्या बिया चुलत्यांनी भिजवल्या, सालं काढून वाळवल्या, कुटल्या, त्यात वावडिंग घातलं आणि गुळात कालवून भिजल्या हरभऱ्यासोबत तोबऱ्यात दिलं. शिंगरानं नाक मुरडत खाल्लं. पुढं लिदीत वीतभर लांब, पांढरे जंत दिसले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मी तरीही ताजी लीद पिशवीत घेऊन उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी अजून होतीच. डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक घोडेवाल्याला माहीत असायला हवं. या गोलजंताची मादी दिवसाला लाखाहून अधिक अंडी घालू शकते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पोटात गेल्यावर अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकला येतो तो त्यामुळे. मग घशातून गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात उतरतात. जंत फार असले आणि एकदम मेले, तर शिंगराचं आतडं तुंबून फुटूही शकतं. म्हणून त्यांनी छातीचा घेर फितीनं मोजला, वजनाचा अंदाज काढला आणि मगच औषध ठरवलं.

चुलत्यांचं औषध खोटं नव्हतं. पळसाच्या बीत पलासोनिन नावाचं जंतनाशक द्रव्य असतं. पण मूठभर बियांत ते किती, हे कुणी मोजलेलं नसतं. खंडोबाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातल्याच एका वनस्पतीतून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी हिवतापावरचं औषध वेगळं काढलं आणि 2015 चा नोबेल मिळवला. त्याच वर्षी, त्याच नोबेलचा दुसरा वाटा आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्यांना मिळाला. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं हे औषध आज घोड्यांच्या जंतांवर सर्रास देतात. झाडपाल्याला कमी लेखायचं कारण नाही. त्याचं मोजमाप व्हायला हवं, आणि मराठवाड्याच्या पळसाचंही ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर एक विनंती. तंबाखूचं पाणी कुणी सांगितलं तरी पाजू नका, ते विष आहे. चरायच्या जागेतली लीद उचलत जा. आणि यात्रेतून नवं जनावर आणलं की दावणीला बांधण्याआधी त्याची मूठभर ताजी लीद जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.