सनबरी म्हणजे मेलबर्नच ना?

प्रिय सखे,

परवा फोनवर तू विचारलंस, "सनबरी म्हणजे मेलबर्नच ना?" घाईत मी 'हो' म्हटलं आणि तेव्हापासून ते मनात सलतंय. मेलबर्नच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर आमचं गाव. विमानतळ मागे पडला की मोकळं माळरान लागतं, मग जॅक्सन्स क्रीकची दरी आणि गाव. इथले जुने लोक अजून 'शहरात जाऊन येतो' म्हणतात, तू कऱ्हाडहून पुण्याला जाताना म्हणतेस तसंच.

1836 च्या सुमारास मेंढ्या घेऊन गोरे लोक आले. त्यांतल्या जॅक्सन बंधूंनी थेम्सकाठच्या सनबरीचं नाव इथे लावलं. 1859 साली आगगाडी आली आणि गावाने बाळसं धरलं. तुझ्या बाबांना मात्र रुपर्ट्सवूडची गोष्ट नक्की सांग. विल्यम क्लार्क यांचा हा वाडा. 1882 साली ओव्हलवर क्रिकेटच्या कसोटीत इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून हरलं, त्याच वर्षी नाताळात आयव्हो ब्लायचा इंग्लिश संघ इथे पाहुणा होता. वाड्यावरच्या माणसांशी हौसेचा सामना झाला, आणि जेनेट क्लार्कबाईंनी ब्लायच्या हाती राखेचा इवलासा कलश ठेवला, असं गाव अभिमानाने सांगतं. क्रिकेटच्या अ‍ॅशेसची राख ती हीच! वाड्यात संगीत शिकवणाऱ्या फ्लॉरेन्स मॉर्फीशी ब्लायचं पुढे लग्नही झालं.

वाड्याची गोष्ट सगळे सांगतात, समोरच्या टेकडीची फारसं कुणी सांगत नाही. तिथे 1865 पासून निराधार मुलांना ठेवत, 1879 पासून मनोरुग्णांना. शहराला जे डोळ्यांआड हवं होतं, ते आगगाडीने इथे पाठवलं. त्या लाल विटांच्या इमारतींवरून जाताना माझी पावलं अजून मंदावतात.

1972 ते 75 मध्ये जवळच्या एका शेतात मोठे संगीत महोत्सव भरले, आणि देशभरातल्या तरुणांना सनबरी माहीत झालं. पण गावाचं रूप पालटलं ते 2012 साली. विजेची लोकल आली, आणि आपल्यासारखी माणसं परवडणाऱ्या घरासाठी इथवर पोचली. मीही त्यांतलीच, म्हणून नव्या वस्त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. तरी 2013 साली गावाने स्वतंत्र नगरपालिकेसाठी कौल दिला आणि पुढे सरकारने ती योजनाच रद्द केली, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आणि सर्वांत जुनी गोष्ट. या टेकड्यांवर इथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांनी माती खरवडून कडेला रचलेली वर्तुळं आहेत, मेंढ्या येण्याच्या कितीतरी आधीची. भिंत नाही. गवतात नुसता एक हलका उंचवटा. माहीत नसेल तर माणूस त्यावरूनच चालत जाईल. त्यांच्या आसपास आता घरांचे पत्रे चमकतात. वर्तुळं जपली जाताहेत, पण त्यांच्याभोवतीचं मोकळं आभाळ दर वर्षी थोडं आक्रसतं.

डिसेंबरात येशील तेव्हा संध्याकाळी तिकडे जाऊ. कुंपणाबाहेरूनच बघायचं हं.

तुझी,
मी