पाच हजारांची येझदी

"किती दिलेस?" हा प्रश्न मला देवगडात निदान पन्नास माणसांनी विचारला असेल. "पाच हजार" म्हटलं की समोरच्याची दोनच उत्तरं ठरलेली. एक, "स्वस्तात मारलीस!" आणि दुसरं, "भंगारवालोसुद्धा इतके देवचो नाय रे बाबा." दोघांचंही बरोबर आहे. पण त्या पाच हजारांचं पुढे काय झालं ते आज जरा सविस्तर लिहितो. हे वाचणाऱ्यांत निम्मी मंडळी आमच्याच घरातली आहेत, त्यामुळे सांभाळून लिहावं असं वाटत होतं. पण सांभाळून गप्प बसण्यात आमची तीस वर्षं गेली, म्हणून आज नाही.

तर गाडी. येझदी २५०, १९७८ ची. म्हैसूरला रुस्तम इराणींनी १९६१ साली आयडियल जावाचा कारखाना सुरू केला, तिथे आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या बनत. १९९६ ला तो कारखाना बंद पडला. ज्यांनी जुनी येझदी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक मारायची दांडी तीच गियरची दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गियर. नवख्या माणसाला ही गाडी सुरूच करता येत नसे, त्यामुळे ती चोरीला जात नाही असं काका म्हणायचे.

हो, गाडी काकांची. म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. हापूसच्या दिवसांत मागच्या कॅरिअरवर दोन पेट्या सुंभाने आवळून ते बागेतून जामसंड्याला न्यायचे, दिवसाला पाच-सहा खेपा. २०११ साली काका गेले, आणि गाडी बागेतल्या मांगरात रिकाम्या पेट्या आणि पेंढ्याच्या मागे उभी राहिली, ती बारा वर्षं.

हाच तो मांगर, ज्याच्या मधोमध १९९४ साली वाटणीची रेघ गेली. किती कलमं कोणाकडे, विहिरीची पाळी कोणाची, सगळं त्या रेघेवरून सुरू झालं. कोकणात ज्यांची घरं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. त्या वर्षीपासून आमच्या एकाच घरात दोन गणपती बसतात. मधे एक भिंत, आणि आरत्या मात्र मुद्दाम वेगवेगळ्या वेळी.

२०२३ च्या मे महिन्यात मी चुलतभावाकडे, म्हणजे भाईकडे, गेलो आणि म्हटलं, गाडी मला दे. का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. पाच हजार पुढे केले. वाटलं, हा म्हणेल पैसे कसले. तो म्हणाला, "पैशे घेतले तर व्यवहार, नाय घेतले तर उपकार. दी." आणि मोजून घेतले. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

गाडी बाहेर काढली तेव्हा चाकं फिरत होती, इंजिन मात्र ठप्प. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, टाकीत गंजाचा लाल चिखल, तारा उंदरांनी कुरतडलेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड काय टिकणार? मी किक मारून पाहिली, दांडी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा अंगातलं सगळं बळ काढून दांडीवर उभाच राहणार होतो, तेवढ्यात मिस्त्री ओरडले.

हे मिस्त्री म्हणजे आयुष्य मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात घातलेला माणूस. म्हणाले, "लाथ नाय नि हातोडो नाय. पिस्टन गंजान चिकाटलोहा. जोर केलंस तर दांडी मोडतली, नायतर आतलो दातो." मग प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि म्हणाले, "आता आठ दिस हिका हात लाव नको."

आठ दिवसांनी गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करून पाहिलं. काही नाही. पुन्हा डिझेल, पुन्हा आठ दिवस. अठराव्या दिवशी चाक अंगठ्याएवढं सरकलं. मी असा ओरडलो की बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली!

मग हेड आणि सिलिंडर उतरवलं. आत गंजाचं कडं. बोअर मोठा करून नवा पिस्टन घालणं आलं. सिलिंडर गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने फोंडाघाटातून कोल्हापूरला नेला. तिथल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने बोटाने आतून चाचपून किती कापावं लागेल ते सांगितलं, आणि मग मापकाने मोजल्यावर तेवढंच निघालं. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आले. क्रँकची ऑइल सीलं वाळून कडक झाली होती, ती बदलली. टू-स्ट्रोक इंजिनात या सीलांना फार महत्त्व. ती गळाली की इंजिन भलतीकडूनच हवा ओढतं आणि कार्बोरेटरला कितीही दोष दिला तरी गाडी धड चालत नाही. टाकीत खडी आणि रॉकेल घालून खळाखळा हलवली, मग बायकोने पितळेची भांडी घासायला ठेवलेलं आमसुलांचं पाणी रात्रभर भरून ठेवलं. सकाळी गंज सुटलेला. सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून आतून ऑइल फिरवलं. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर ठेवली. प्लगला करंट आला.

इथपर्यंत खर्च झाला अडतीस हजार. तो वहीत लिहिलेला आहे. वहीत न लिहिलेलं पुढे.

गाडीची कागदपत्रं काकांच्या नावावर. पुस्तकावरच्या पत्त्यात जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला तोच मुळी १ मे १९८१ ला. मालक वारलेला असला तर गाडी थेट विकत घेता येत नाही. आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, बाकीच्या वारसांची संमती जोडायची, आणि मग नमुना २९ आणि ३० भरून ती विकत घेणाऱ्याच्या नावावर. म्हणजे भाई, ताई आणि धाकटा अशा तिघांच्या सह्या. भाईची मिळाली. ताईला डोंबिवलीला फोन केला, किती वर्षांनी ते विचारू नका. ती पाच मिनिटं गाडीबद्दल बोलली आणि पाऊण तास बाकीच्या सगळ्याबद्दल. तिचीही मिळाली. धाकट्याने मात्र फोनवर एवढंच विचारलं, "बाबांच्या गाडीला हात लावायला तूच बरा सापडलास?"

त्याला तसं म्हणायचा हक्क होता. का, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

१९९५ चा जून. रात्री अकराचा सुमार, पाऊस कोसळत होता. बाबांच्या छातीत दुखायला लागलं. वीज गेलेली, आईची धावपळ. भिंतीपलीकडे आवाज गेला असणार. काका गाडी घेऊन आमच्या दारात आले, मागे बॅटरी धरून बसलेला चौदा वर्षांचा धाकटा. "चल, दोघांच्या मधे धरून नेऊ," म्हणाले. मी एकोणीस वर्षांचा. बाबा काही बोलायच्या आत मी दारात उभा राहून म्हणालो, "आमचं आम्ही बघू." काका क्षणभर थांबले, गाडी वळवली आणि गेले. शेजाऱ्यांचा टेम्पो मिळेपर्यंत तास गेला. बाबा वाचले, २०१६ पर्यंत होते. पण त्या तासाचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. काका गेले तेव्हा मी स्मशानापर्यंत गेलो, घरात गेलो नाही.

मी धाकट्याकडे खारघरला गेलो. कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "त्या रात्री मी चुकलो." तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता. म्हणाला, "तुला आठवतं होय?" म्हटलं, "रोज नाही. पाऊस लागला की आठवतं." त्याने सही केली. एवढंच. गळाभेट वगैरे काही झाली नाही. जाताना म्हणाला, "विकू नको. आणि आईला दाखव."

ओरोसला जाऊन दंड-शुल्क भरलं, तपासणी झाली, पाच वर्षांची नोंदणी मिळाली. तिथे कुणीतरी म्हणालं, व्हिंटेज करून घ्या की. पण २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे २०२८. त्याआधी माझी पन्नाशी झाली. असो.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घालून सातव्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर आणि तो पोकळ ढगढग आवाज. घेऊन गेलो ती थेट काकीच्या खळ्यात. काकी ऐंशीच्या पुढे. पाटावर बसून ती आमसुलं निवडत होती. मान वर करून म्हणाली, "बंद कर ती! ह्याच आवाजान माझी पोरा दुपारची झोपत नाय हुती."

मी बंद केली. तिच्यापाशी बसलो आणि ती रात्र तिलाही सांगितली. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"म्हायती आसा माका," म्हणाली. "घराक येवन बसले तसेच, भिजलेले. गाडी काय आत घेतल्यांनी नाय. रातभर खळ्यात पावसातच ठेवल्यांनी. म्हणले, बोलावणा इला तर."

मग सूप बाजूला सारून ती उठली, गाडीपाशी गेली आणि टाकीवरून हात फिरवून म्हणाली, रंग बरोबर नाही आला, त्यांचा जरा काळपट होता.

गणपती अजून दोनच बसतात. रंग मी पुन्हा काढून घेणार आहे. धाकट्या, तू हे वाचत असशील तर तुझ्याकडे जुना रंगीत फोटो असल्यास पाठव. काकीला विचारून रंग ठरवला तर दर आठवड्याला बदलतो.